‘आईबापाला सोडून’ म्हणजे वेगळं घर करायचं का?

तुम्ही विचारलंय, बायबलमधल्या उत्पत्ती 2:24 नुसार पुरुषाने आईबापाला सोडून बायकोशी जडून राहायचं, मग लग्नानंतर इंदूरला त्यांच्याच घरात राहणं चूक का? अजिबात नाही.

त्या काळी इस्राएलात साधारणपणे मुलगीच सासरी यायची, मुलगा बापाजवळ राहायचा. तरी ‘सोडून’ हा शब्द पुरुषासाठी आहे, बाईसाठी नाही. म्हणजे इथे घर बदलण्याची गोष्ट नाही, याचा नीट विचार करा. येशूने मत्तय 19 मध्ये हेच वचन सांगितलं, आणि ‘कुर्बान’ (हे देवाला वाहिलंय) म्हणत आईबापाला मदत करणं टाळणाऱ्यांना मार्क 7 मध्ये खडसावलंही. ‘जडून राहणे’साठीचं हिब्रू क्रियापद ‘दाबाक’. तेच रूथ 1:14 मध्ये येतं, आणि तिथे रूथ ही विधवा सून बिलगते ती सासूला!

आम्ही सुदामानगरात राहतो, खाली आई-बाबा, वर आम्ही. लग्नानंतर सहा महिने मी पगार आईच्या हातात ठेवायचो. एकदा बायकोला माहेरी जायचं होतं, तर तिकिटाचे पैसे कसे मागावे म्हणून ती रिकामी पर्स धरून जिन्यात उभी होती. माझ्या पोटात तुटलं. पुढच्या महिन्यापासून पगार आमच्या दोघांच्या खात्यात आणि आईला ठरलेला घरखर्च. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या सकाळी तिने वर पोहे पाठवले, बायकोला आवडतात तसे, भरपूर शेव घालून.

एवढं मात्र पाळा: बायकोची तक्रार आईकडे नेऊ नका, आणि आईला नाही म्हणायचं असेल तर स्वतः म्हणा, बायकोला पुढे करू नका.