गोव्यात बेस गिटार वाजवायला किती वॅटचा अँप घ्यावा, आणि तारा इतक्या लवकर का गंजतात?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण सोळा वर्षांपूर्वी मी हेच विचारत फिरायचो आणि जो भेटेल तो वेगळंच सांगायचा. तुम्ही लिहिलंय की घर मांद्र्याला समुद्राजवळ, चार तारांचा पहिला बेस घेतलाय, सीझनला शॅकमध्ये आणि जमलं तर लग्नांत वाजवायचंय, दुकानदार म्हणतो ५०० वॅटच्या खाली बघूच नका, कोणीतरी जुना कॉम्बो, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात, विकतोय तो घेऊ का, आणि तारा दीड महिन्यात तांबूस पडल्या. मी फोंड्याचा, दिवसा नोकरी आणि रात्री बेस, लग्नं, फेस्त, जत्रा, चवथीचा ऑर्केस्ट्रा, जिथे बोलावतील तिथे जातो. माझं मत आधीच सांगून टाकतो, आपल्याकडे बेसवाल्याने वॅटपेक्षा खारं वारं आणि अर्थिंग या दोन गोष्टींची काळजी जास्त करावी.

वॅटचं काय असतं, वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला खरोखर दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे २५० च्या जागी ५०० घेतला तर समोरच्याला फरक कळेल न कळेल, पण तुमच्या खिशाला नक्की कळेल. आता हेही खरं की बेसला गिटारपेक्षा ताकद जास्त लागते, गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची आणि आपली सगळ्यात जाड ई तार ४१ ची, एवढा खालचा सूर काढायला स्पीकरला भरपूर हवा ढकलावी लागते. म्हणूनच गिटारवाला ३० वॅटच्या व्हॉल्व्ह अँपवर ड्रमरला पुरून उरतो आणि आपण १०० वर असूनही कोणाला ऐकू येत नाही. पण तुम्ही वाजवणार कुठे ते बघा ना. शॅकमध्ये दुसऱ्या गाण्यालाच मालक येऊन हात खाली करून दाखवतो. लग्नाच्या हॉलमध्ये साउंडवाला असतो, त्याला अँपच्या डीआय आउटमधून, म्हणजे मिक्सरला सिग्नल द्यायच्या भोकातून, एक वायर दिली की लोकांपर्यंत बेस पोचवणं त्याचं काम, तुमचा अँप फक्त तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू येण्यापुरता. आणि उघड्यावर असाल तर रात्री १० ला स्पीकर बंद, ते ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आपल्याकडे पोलीस बरोबर लक्षात ठेवतात.

म्हणून १०० ते २०० वॅटचा कॉम्बो घ्या, १० किंवा १२ इंची स्पीकरचा, पण मागे डीआय आउट पाहिजेच पाहिजे, आणि हेडफोनचं भोक असलं तर शेजारी तुम्हाला आशीर्वाद देतील. नुसतं घरी वाजवायचं असतं तर २०-३० वॅटचा खोका पुरला असता. पुढे बँड मोठा झाला तर क्लास डी चं हेड, म्हणजे स्पीकर नसलेला हलका अँप घ्या, दोन-तीन किलोचं असतं, स्कूटरला पुढे अडकवून जाता येतं, आणि कॅब, म्हणजे स्पीकरचा खोका, वेगळा. तेव्हा ओहमचा हिशोब मात्र नीट करा. ८ ओहमचे दोन कॅब जोडले की ४ होतात आणि ते बहुतेक हेडना चालतं, पण ४ चे दोन जोडले तर २ होतात आणि तिथे बरीच हेडं मान टाकतात. हेडवर ५०० वॅट लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा ४ ओहमवरचं, ८ चा एकच कॅब लावला तर निम्म्याच्या आसपासच मिळतात, हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. आणि हेड ते कॅब ही वायर स्पीकर केबलच पाहिजे, गिटारची केबल तिथे लावू नका, दिसायला सारखी दिसली तरी आतून बारीक असते आणि तापते.

स्टेजवर अँप ठेवायची पण एक गंमत आहे. लाकडी फळ्यांच्या स्टेजवर, त्यात कोपऱ्यात ठेवला तर नुसतं बुम बुम होतं आणि सूर कुठला ते वाजवणाऱ्यालाही कळत नाही. बियरचा रिकामा क्रेट उलटा घालून त्यावर ठेवा, गोव्यात क्रेटची टंचाई कधी पडणार नाही. अँप कानाच्या जवळ येतो, फळ्या कमी हादरतात, आणि तुम्ही आवाज आपोआप कमी ठेवता. घरी एकट्याने वाजवताना सगळेच बेस आणि ट्रेबल (खालचे आणि वरचे सूर) वर आणि मिड (मधले सूर) खाली ठेवतात कारण तसं छान वाटतं, बँडमध्ये मात्र तोच आवाज गायब होतो. उलटं करा, बेसचा नॉब थोडा कमी, लो मिड थोडा वर, २०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास. एकट्याने ऐकलं तर डबा वाटेल, ड्रम सुरू झाले की कळेल मी काय म्हणतो ते.

आता करंटचं, हे जरा लक्ष देऊन वाचा. बेसच्या तारा ब्रिजमधून, म्हणजे खाली त्या जिथे अडकतात त्या धातूच्या भागातून, अँपच्या बॉडीला, म्हणजे अर्थला जोडलेल्या असतात. एका जत्रेत आमचा अँप एका बोर्डवर, साउंडवाल्याचा मिक्सर दुसऱ्या बोर्डवर, आणि त्यातल्या एकाला अर्थिंगच नव्हतं, मी कोरस द्यायला माइकजवळ गेलो आणि ओठाला असा झटका बसला की पुढचं गाणं मी मुकाट्याने वाजवलं. तो नुसता झटका होता म्हणून आज सांगतोय, यात माणसं गेलेली आहेत. तेव्हापासून माझा नियम, साउंडवाल्याच्या बोर्डवरूनच करंट घ्यायचा, आणि सुरू करण्याआधी टेस्टर माइकच्या जाळीला आणि तारांना लावून बघायचा. पेटला तर इलेक्ट्रिशियनला हाक मारायची, साउंडवाला किती का तोंड वाकडं करेना. आणि हम, म्हणजे सतत घुमणारा आवाज, येतोय म्हणून कोणी तीन पिनच्या प्लगची अर्थची पिन काढायला सांगितली तर त्याचं अजिबात ऐकू नका. हम घालवायला डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा, ते फक्त सिग्नलच्या वायरचं अर्थ तोडतं, करंटचं नाही.

आपल्याकडचा दुसरा प्रकार म्हणजे तारवटी, बोटीवर नोकरी करणारा. प्रत्येक घरात कोणीतरी बोटीवर असतोच, तो अमेरिकेतून स्वस्तात अँप आणतो आणि तो असतो १२० व्होल्टचा. आमच्या मामेभावाने असाच एक आणला, प्लग बदलला, २३० मध्ये घातला, ठप्प करून आवाज आला आणि घरभर जळका वास. सहा महिने वाट बघितलेला अँप सहा सेकंद चालला. मागची पट्टी वाचायची सवय लावा. १०० ते २४० लिहिलं असेल तर बिनधास्त लावा, नुसतं १२० असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही पट्टीवर जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या दीडपट-दुप्पट ताकदीचा. घरच्या साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अँप माशीसारखा भणभणतो, तो बिघाड नाही, घाबरू नका. आणि मे महिन्यात किंवा दसऱ्याच्या सुमारास ढग गडगडायला लागले की नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढून ठेवा.

तारांकडे येतो. तुमच्या तारा खराब निघाल्या असं नाही, मांद्र्याची हवा आणि हाताचा घाम दोन्हींत मीठ आहे एवढंच. बेसबरोबर येतात त्या बहुतेक निकेल प्लेटेड स्टीलच्या राउंडवूंड, म्हणजे आतल्या सरळ तारेवर गोल तार गुंडाळलेली. त्या गुंडाळीच्या फटीत घाम आणि कातडीचा मळ बसतो, तार आधी मठ्ठ होते आणि मग वरचा मुलामा झिजला की गंजते. हे थांबत नाही, पण लांबवता येतं. वाजवून झालं की सुती कपडा घ्या, माझा तर जुना बनियन आहे, प्रत्येक तार कपड्यात चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत पुसा, खालची बाजू पण, लोक नुसतं वरून फिरवतात. दोन मिनिटांचं काम. आणि वाजवायच्या आधी हात साबणाने धुवा, लग्नात तर नक्कीच, कारण जेवण वाजवण्याआधी वाढतात आणि शागुती खाऊन तसंच वाजवलं तर ई तारेला मसाल्याचा वास आठवडाभर राहतो. नुसता कपडा आणि साबण एवढ्यावर माझा तारांचा सेट दीड महिन्यावरून चार-पाच महिन्यांवर गेला. खोबरेल लावा असं कोणी सांगेल, नका लावू, फटीत तेल बसतं आणि त्याला धूळ चिकटते.

तारा उकळायची युक्ती तुमच्याही कानावर येईलच. कॉलेजात असताना मी आईच्या भाताच्या टोपात दहा मिनिटं उकळल्या होत्या. तारा खरंच खणखणीत झाल्या, मळ सुटतो ना, पण पंधरा दिवसांत परत जशाच्या तशा, आणि नीट सुकवल्या नाहीत तर गंज अजून लवकर धरतो. टोप मला नवीन घेऊन द्यावा लागला तो खर्च वेगळाच.

कुठल्या घ्याव्यात? समुद्राजवळ राहणाऱ्याला माझ्या मते दोनच रस्ते. एक कोटेड तारा, इलिक्सर वगैरे, महाग असतात पण वर पातळ थर असल्यामुळे मळ आत जात नाही. दुसरा, आणि मला जास्त आवडतो तो, फ्लॅटवूंड, वरची तार चपटी, बोट फिरवलं तर गुळगुळीत, फट जवळजवळ नाहीच. मोटाउनच्या रेकॉर्डवर बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन फ्लॅटवूंडच वापरायचा आणि तुटल्याशिवाय तारा बदलायचा नाही. माझ्या एका बेसवर चार वर्षं एकच सेट आहे आणि दरवर्षी अजून छान वाजतो. मात्र स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारेवर फटके मारून वाजवणं, करायचं असेल, ती चमक पाहिजे असेल तर फ्लॅटच्या नादाला लागू नका, राउंडवूंडच घ्या आणि बदलायची तयारी ठेवा. स्टेनलेस स्टीलच्या गंजायला चिवट असतात, आवाज कडक, पण फ्रेट, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्या, लवकर खातात. जाडी म्हणाल तर ४५ ते १०० किंवा १०५ चा सेट नेहमीचा, हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागांत असतात. आणि बेस लाँग स्केल, म्हणजे ३४ इंची आहे की ३० इंची शॉर्ट स्केल ते दुकानात जायच्या आधी मोजा, नटपासून, म्हणजे खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीपासून, ब्रिजच्या खाचेपर्यंत.

बदलायची वेळ कॅलेंडरवरून ठरवू नका. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा, म्हणजे तार न दाबता बोट नुसतं टेकवून छेडा, आणि मग तोच सूर दाबून वाजवा, ट्यूनरवर दोन्ही जुळले पाहिजेत. आधी जुळत होते, आता जुळत नाहीत आणि ब्रिज कोणी हलवलेला नाही, तर तार झिजलीय समजा. घालताना एकेक तार बदला, चारही एकदम काढल्या तर सत्तरेक किलोचा ताण एकदम जातो आणि नेक, म्हणजे दांडा, थोडी हलते, आभाळ कोसळत नाही पण परत सेट करत बसावं लागतं. खुंटीला दोन-तीन वेढे, वरून खाली उतरत. कापायच्या आधी तारेला काटकोनात वाकवा, मग पुढचं टोक कापा, नाहीतर गुंडाळी सुटून नवी तार पहिल्या दिवसापासून मेलेली.

पावसात अजून एक, बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला बेस टांगू नका, ती भिंत जूनपासून ओल धरते. आतल्या भिंतीला टांगा किंवा बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. नेक कधी पुढे कधी मागे वाकते, तारा फ्रेटवर खणखणायला लागल्या किंवा फार उंच झाल्या तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, पाव फेरा फिरवून थांबा, दुसऱ्या दिवशी बघा. रॉड हट्टाने अडला तर जोर लावू नका, जाणकाराकडे न्या. अँप आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवा, आतली ओल सुकते. नॉब खरखरायला लागले तर काँटॅक्ट क्लीनर मारून वीस-तीसदा फिरवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच बरे होतात.

राहिला तो जुना कॉम्बो. किनाऱ्याकडचा असेल तर आधी मागचे स्क्रू आणि जॅक बघा, स्क्रू लालभडक असतील तर आत पण तसंच. पट्टीवरचा व्होल्टेज वाचा. अँप बंद ठेवून स्पीकरचा कागद चारही बोटांनी हलकाच आत ढकला, खरखर घासल्यासारखं झालं तर कॉइल गेलीय, सोडून द्या. मग स्वतःचा बेस लावून मोकळी ई तार कार्यक्रमातल्या आवाजात दहा मिनिटं वाजवा, लाज वाटून घेऊ नका, दोन मिनिटांत काही कळत नाही कारण बिघाड तापल्यावरच बाहेर येतो. डीआयमधून पण ऐकून बघा. मी एकदा असाच घेतलेला अँप घरी उघडला तर आत पाल मरून सर्किटला चिकटलेली, आणि विकणारा मला सांगत होता की फक्त थोडा आवाज कमी येतो. तुमच्यावाल्याला मागचं झाकण तुमच्यासमोर उघडायला सांगा, नाही म्हणाला तर भाव निम्म्यावर आणा किंवा तिथूनच परत फिरा.