बंद पडलेल्या कीटकनाशक कारखान्याशेजारची विहीर: स्टॅम्पवर सही करू की नको?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. विदर्भातल्या एका एमआयडीसीच्या कुंपणाला लागून त्यांचं कपाशीचं शेत आहे. कुंपणापलीकडे फवारणीचं औषध बनवून पॅक करायचा कारखाना होता, तो बंद पडून बरीच वर्षं झाली. बँकेनं जागा लिलावात काढली, नवा मालक गोडाऊन बांधतोय, आणि जेसीबी लागल्यापासून उग्र वास सुटलाय, विहिरीच्या पाण्यालाही तोच वास. लॅबचा रिपोर्ट मात्र म्हणतो पाणी पिण्यायोग्य. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे साहेब म्हणतात पुरावा आणा. नवा मालक म्हणतो पैसे घ्या आणि 'पाणी चांगलं आहे, काही तक्रार नाही' असं पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून द्या.

दादा, सही करू नका. असं लिहून घेतलेलं कोर्टात कितपत टिकतं हा वेगळा वाद, तो वर्षानुवर्षं चालेल, पण पाणी चांगलं असल्याची तुमच्याच सहीची कबुली पहिल्या तारखेलाच तुमच्या तोंडावर मारतील.

आता तो रिपोर्ट, तुम्ही फोटो पाठवलाय म्हणून नीट वाचला. पीएच, टीडीएस, हार्डनेस, नायट्रेट, कोलिफॉर्म, झालं. फवारणीच्या औषधाचं एक नाव नाही त्यात, कारण तुम्ही मागितलं नाही आणि त्यांनी तपासलं नाही. पिण्याच्या पाण्याचं जे आयएस १०५०० मानक आहे त्यात कीटकनाशकांचा तक्ता वेगळा आहे, एन्डोसल्फान या कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.४ मायक्रोग्रॅम, म्हणजे २५ लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम. इतक्या बारीक प्रमाणाला जीसी-एमएससारखं (रसायनं वेगळी करून ओळखणारं) मशीन लागतं. आणि रिपोर्टच्या तळाला बारीक अक्षरात 'नमुना ग्राहकाने आणून दिला' असं छापलंय ते बघा, समोरचा वकील दुसरं काही वाचणारच नाही, तेवढंच वाचेल.

म्हणून एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची अशी लॅब शोधा जिच्या मान्यतेच्या यादीत कीटकनाशकं खरोखर आहेत, आणि नमुना घ्यायला त्यांचाच माणूस बोलवा. गडद काचेची बाटली, काठोकाठ भरलेली, सील करून बर्फात. पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली धुऊन भरली तर औषध प्लास्टिकला चिकटतं आणि सॉल्व्हंट (औषध ज्यात विरघळवतात तो द्रव) उडून जातं, मग रिपोर्ट परत स्वच्छच. सरपंच, ग्रामसेवक आणि दोन पंच यांच्यासमोर पंचनामा करा, मोबाईलवर व्हिडिओ काढा.

हे झालं तुमच्या बाजूचं, पण कुंपणाच्या आतली माती तुम्ही काढू शकत नाही, उडी मारून आणली तर उलट तुमच्यावरच केस. ते काम मंडळाचं. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ च्या कलम ११ खाली अधिकारी माती आणि पाणी दोन्हीचा नमुना घेऊ शकतो, पण मालकाला नोटीस, त्याच्यासमोर नमुना, सील, दोघांच्या सह्या आणि कायद्यानं मान्य केलेली लॅब, यातलं काही राहिलं तर तो रिपोर्ट पुराव्यात चालत नाही. मालक मुद्दाम गायब राहिला तर अधिकारी एकट्याच्या सहीनं पुढे जाऊ शकतो, हे अर्जात लिहाच, कारण 'मालक हजर नव्हते' म्हणून टीम परत जाते हा नेहमीचा प्रकार आहे. शिवाय २०२५ च्या जुलैमध्ये केंद्रानं दूषित जागांसाठी वेगळे नियम काढलेत. त्यात जिल्हा प्रशासनानं संशयित जागा कळवायच्या, मंडळानं प्राथमिक तपासणी करायची आणि मग जबाबदार कोण ते ठरवून त्याच्या खर्चानं साफसफाई. तेव्हा कलेक्टर आणि मंडळ दोघांनाही याच नियमांचं नाव घालून अर्ज द्या आणि पोच घ्या. 'पुरावा आणा' हे उत्तर आता चालत नाही, शोधायचं काम त्यांचंच आहे.

समोरून काय येणार ते आत्ताच सांगतो: 'तुम्ही स्वतः कपाशीवर फवारता, तेच विहिरीत उतरलं.' कपाशीच्या पट्ट्यात हा बचाव बिनतोड वाटतो पण तोडता येतो. फवारणीचा अंश शेतभर थोडाथोडा आणि बहुतेक वरच्या थरात असतो. कारखान्यातलं ड्रम गळून मुरलेलं असेल तर ते एका ठिकाणी दाट, खाली मुरमापर्यंत गेलेलं आणि कुंपणाकडे जाल तसं वाढत जाणारं दिसतं. झायलीनसारखं सॉल्व्हंट शेतात फवारल्यावर उडून जातं, ते भूजलात सापडलं तर टाकी किंवा ड्रमकडेच बोट जातं. म्हणून फक्त तुमची विहीर नाही, कुंपणापासून लांबची, उताराच्या वरच्या बाजूची एक विहीरही तपासा, आणि माती वेगवेगळ्या खोलीची घ्या. भूजल कुठून कुठे वाहतं ते भूजल सर्वेक्षणवाल्यांना लेखी विचारा.

आरटीआय आजच टाका: कारखाना चालवायला मंडळानं दिलेली संमतीपत्रं, घातक कचऱ्याचे वार्षिक फॉर्म ४, कचरा बाहेर गेल्याच्या पावत्या म्हणजे मॅनिफेस्ट आणि बंद करायचे आदेश असतील तर ते. संमतीपत्रात जे औषध लिहिलंय तेच लॅबला तपासायला सांगा, म्हणजे अंधारात दगड मारल्यासारखं होणार नाही आणि पैसेही वाचतील. फॉर्म ४ मध्ये जेवढा कचरा निघाला म्हणतात आणि मॅनिफेस्टवर जेवढा गेला त्यात फरक दिसला तर राहिलेला कुठे गेला हे त्यांनी सांगायचं.

केस पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात, दिवाणी कोर्टात नको, तिथे अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावरच अडकाल. भरपाई आणि जमीन पूर्ववत करण्यासाठी हरित न्यायाधिकरण कायद्याचं कलम १५, मुदत ५ वर्षं. बाकी वादांना कलम १४, मुदत फक्त ६ महिने, आणि ती वादाचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून, म्हणून खोदाई कधी सुरू झाली त्याचे फोटो तारखेसकट ठेवा. भरपाईच्या रकमेवर एक टक्का फी लागते, तेव्हा आकडा उगाच फुगवू नका. जुनी कंपनी, तिचे डायरेक्टर, नवा मालक, मंडळ, सगळ्यांना केसमध्ये पक्षकार करा. कंपनी बंद म्हणजे कागदावर मेलीच असं नाही, एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) साईटवर स्टेटस बघा. राजस्थानातल्या बिछडी गावच्या रासायनिक कारखान्यांच्या केसमध्ये (१९९६) सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की घातक धंद्यानं केलेल्या नुकसानीला आणि साफसफाईच्या खर्चाला धंदेवालाच जबाबदार, काळजी घेतली होती ही सबब चालत नाही. नवा मालक 'जसं आहे तसं घेतलं' म्हणेल, पण जेसीबीनं माती उकरून वास त्यानंच सोडलाय.

सगळ्यात घाई त्या जेसीबीची आहे. माती उचलून नेली की पुरावाही गेला आणि घाण दुसऱ्याच गावात पडली. उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे बीएनएसएस (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रिया कायदा) च्या कलम १५२ खाली अर्ज करून काम थांबवायला सांगा, आणि तहसीलदाराला विचारा मुरूम हलवायला गौण खनिजाची परवानगी आहे का. परवानगी नसेल तर तेच सगळ्यात लवकर लागू पडतं असा माझा अनुभव आहे.

आणि विहिरीचं पाणी आजपासून पिऊ नका, जनावरांनाही देऊ नका. उकळून हे जात नाही. ग्रामपंचायतीकडे टँकर लेखी मागा, त्याची पोच फाईलला लावा.