यूकन्सोल चीनमधून मागवावा का?

तुम्ही विचारलंय की लिनक्स शिकायचंय, घरी दुसरा कॉम्प्युटर नाही आणि साठवलेल्या पैशातून क्लॉकवर्कपाय कंपनीचा यूकन्सोल, म्हणजे हातात मावणारा कीबोर्डवाला छोटा लिनक्स कॉम्प्युटर, मागवायचा विचार आहे, तर मागवू का. माझ्याकडे तो आहे आणि कामाच्या दिवसांत रोज हातात असतो, तरी तुम्हाला मी आत्ता नको असंच सांगेन.

मी साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर बघतो. गाळप सुरू असलं की काट्यावर ऊसाच्या ट्रॉल्यांची रांग, आणि कॉम्प्युटरवर वजन यायचं थांबलं की ड्रायव्हर लोक थेट केबिनच्या खिडकीशी येऊन उभे राहतात, आत लॅपटॉप टेकवायलाही जागा नसते. तेव्हा यूकन्सोल हातात धरायचा, सिरियल केबल इंडिकेटरला, म्हणजे वजन दाखवणाऱ्या डब्याला लावायची आणि मिनीकॉम उघडायचं, केबलमधून काय येतंय ते दाखवणारा प्रोग्रॅम. भलतीच अक्षरं यायला लागली तर पहिला संशय बॉड रेटचा, म्हणजे डेटा पाठवायच्या वेगाचा, ९६०० चं २४०० केलं आणि आकडे नीट दिसले की समजायचं केबल ठीक आहे, सेटिंग कोणीतरी बदललंय. उभ्या उभ्या, अंगठ्यांनी टाइप करून पाच मिनिटांत निकाल. ह्या कामाला मला त्याच्यासारखं दुसरं काही सापडलं नाही, म्हणून मी तो जिवापाड जपतो.

पण शिकणं म्हणजे रोज दोन-तीन तास बसणं. स्क्रीन ५ इंची आणि त्यात १२८० बाय ७२० पिक्सेल, म्हणजे अक्षर मुंगीएवढं. आत रास्पबेरी पायचा सीएम४ असतो, २०२० चा बोर्ड, टर्मिनलला, म्हणजे नुसत्या कमांड टाइप करायच्या खिडकीला, भरपूर आहे पण ब्राउझरमध्ये चार-पाच टॅब उघडून बाजूला कोड लिहायचा म्हटलं की दमतो. आणि एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही, ह्या बोर्डाला लॅपटॉपसारखी झोप नाही, म्हणजे काम झालं की तसाच बॅगेत टाकला असं चालत नाही, बंद तरी करा नाहीतर बॅटरी उतरत राहते. मराठी लिहिणार असाल तर एडिटरमध्ये ठीक, पण टर्मिनलमध्ये जोडाक्षरं आणि वेलांट्या बऱ्याचदा विस्कटतात, हे मात्र कुठल्याही लिनक्सवर होतं.

तेवढ्या पैशात रिफर्बिश्ड थिंकपॅड लॅपटॉप बघा, त्यावर डेबियन हे लिनक्स टाका आणि शिका. छोट्या स्क्रीनची हौस असेलच तर आधी अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे टर्मिनलचं अ‍ॅप टाकून महिनाभर वापरा. महिन्यानंतरही बसस्टॉपवर उभं राहून स्क्रिप्ट लिहावीशी वाटली तर यूकन्सोल तुमच्याच कामाचा आहे, मग बिनधास्त मागवा.

मागवताना साइटवरची किंमत म्हणजे शेवटची किंमत धरू नका. ड्युटी वस्तू अधिक भाडं अशा रकमेवर लागते, मग ड्युटी धरून जी बेरीज होते तिच्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, आणि कुरिअरवाल्याचा क्लिअरन्स चार्ज वेगळा. माझं पार्सल केवायसी अडकल्यामुळे नऊ दिवस पडून होतं, मी आधार पाठवला होता पण ऑर्डरवर नाव अर्धवट होतं, तेव्हा ऑर्डरवर नाव आधारवर आहे तस्संच टाका. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सरकारने लॅपटॉप-टॅबलेटच्या आयातीला लायसन्स लावलं तेव्हा कुरिअरने येणाऱ्या एका नगाला सूट ठेवली होती, ड्युटी मात्र भरायचीच. विकणाऱ्याला गिफ्ट लिहा, किंमत कमी दाखवा असं अजिबात सांगू नका, गिफ्ट म्हणून ड्युटी न भरता आणायची वाट २०१९ च्या डिसेंबरातच बंद झालीये आणि खोटी किंमत पकडली तर दंड वेगळा. यूकन्सोलबरोबर सिमवर नेट चालवायचं ४जी मॉड्यूल घेऊ नका, फोनचा हॉटस्पॉट पुरतो.

बॅटरीचे सेल यूकन्सोलसोबत येत नाहीत, १८६५० साइजचे दोन इथेच घ्यावे लागतात आणि बाजारात नकली फार आहेत. ज्याच्यावर क्षमता ९९०० एमएएच छापलीये तो हातात घेऊच नका, ह्या साइजच्या चांगल्या सेलमध्ये साधारण ३५०० पर्यंतच मावतं. दुकानात छोटा काटा असेल तर ठेवून बघा, अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास किंवा थोडा वरच भरतो, ३० च्या घरात दिसला तर परत द्या.