दिवा आधी, विटा नंतर

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांचा आहे, मित्राबरोबर एक पॉइंट-अँड-क्लिक, म्हणजे चित्रात क्लिक करत पुढे जायचा, अ‍ॅडव्हेंचर गेम करतोय. सोबत एका दृश्याची बॅकग्राउंड पाठवतोय. पावसाळी रात्र, ठाण्याच्या जुन्या गल्लीतलं दुमजली कौलारू घर, दाराशेजारी भिंतीवर एक बल्ब आणि कोपऱ्यावर रस्त्याचा दिवा. आकार ३२० बाय १८० पिक्सेल. प्रत्येक वीट आणि प्रत्येक कौल काढलंय, वरून उजेडासाठी पिवळा मऊ ब्रश फिरवलाय. तरी चित्र सपाट दिसतं आणि आमचा नायक त्यात हरवून जातो. टेक्स्चर अजून वाढवू का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : वाढवू नकोस. आहे त्यातलंही निम्म्याहून जास्त पुसावं लागणार आहे. तुझा हात चांगला आहे, त्यामुळे पुसताना जिवावर येईल. म्हणून कारण नीट सांगते.

तुझं चित्र मी आधी राखाडी करून पाहिलं. भिंत, छप्पर, रस्ता, तिन्ही जवळपास एकाच छटेचे निघाले. भिंत तांबूस आणि रस्ता निळसर आहे म्हणून तुला ते वेगळे वाटतात. बघणारा मात्र रंगाच्या आधी उजेड-अंधार वाचतो. त्यातच विटा सगळीकडे सारख्याच ठसठशीत, मग नजर कुठेच ठरत नाही.

गेमकडे वळण्याआधी मी नाटकांचे पडदे रंगवायचे. पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते वाड्याच्या भिंतीचं. आठ दिवस खपून एकेक वीट रंगवली, प्रत्येकीला तिची सावली दिली. गडकरी रंगायतनला रंगीत तालीम होती. प्रकाशयोजनाकारांनी डावीकडून स्पॉट सोडला आणि माझ्या सगळ्या सावल्याही डावीकडेच पडलेल्या! भिंत गोणपाटासारखी दिसायला लागली. ते रागावले नाहीत, 'दिवा कुठे असणार ते विचारायचंस ना,' एवढंच म्हणाले. त्या रात्री बसून बहुतेक विटा मी बुजवल्या. तेव्हापासून कुठल्याही चित्रात पहिली खूण करते ती दिव्याची.

तू एक संध्याकाळ काढ. पाऊस पडून गेला की ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला ये, मासुंदा तलावावरून कौपिनेश्वर मंदिराच्या आसपासच्या जुन्या गल्ल्यांत शिर आणि भिंतीलगत लावलेला एखादा दिवा शोध. दिव्याच्या अगदी जवळ भिंत नुसती पिवळी-पांढरी दिसेल, तिथे पोत उजेडात विरून जातो. लांब, अंधारात ती काळीनिळी. या दोन्हींच्या मधे जो पट्टा असतो, जिथे उजेड भिंतीला घासत जातो, तिथे मात्र गिलाव्याचा फुगवटा, पोपडा, विटेची कड, सगळं उठून येतं. तिरप्या उजेडात बारीकशा उंचवट्याचीही सावली पडते ना, म्हणून. त्याच जागेवर समोरून मोबाइलचा टॉर्च मार, भिंत गुळगुळीत होईल. हे डोळ्यांनी पाहिलंस की पुढचं सांगायची फारशी गरज उरणार नाही.

आता चित्राकडे. नवीन लेयरवर फक्त ४ छटांत, एकही वीट न काढता, सगळं घर पुन्हा मांड. डोळे बारीक करून पाहा. दार कुठे आहे ते तेवढ्यावर कळलं पाहिजे. मग मधल्या पट्ट्यात दहा-बारा विटा पुऱ्या काढ, उजेडाच्या बाजूला दोन-चार कडा, अंधाराच्या बाजूला एखादी फट. पिक्सेल एकेकटा विखरू नकोस, तीन-चारांच्या पुंजक्यात ठेव. एकटा पिक्सेल कचऱ्यासारखा दिसतो. कौलांचंही तेच. बल्बच्या वरची पागोळीची ओळ नीट काढ, बाकी छपरावर तुटक वळणं पुरेत, उरलेली कौलं बघणाऱ्याचं मन भरून घेतं.

त्या मऊ ब्रशला मात्र माझा ठाम विरोध आहे. अर्धपारदर्शक पिवळा फिरवला की खालच्या प्रत्येक रंगातून नवे रंग जन्मतात. तुझ्या चित्रात मी ४००च्या वर मोजले, चित्र धुरकट झालंय ते त्यामुळेच. १९९० साली आलेल्या 'लूम' या गेमच्या बॅकग्राउंड्स चित्रकार मार्क फेरारी यांनी १६ रंगांत केल्या. दोन रंगांचे ठिपके आलटूनपालटून बसवून तिसऱ्याचा भास निर्माण करायचा, म्हणजे डिदरिंग. तुला १६ची सक्ती नाही, पण ३२ची स्वतःवर घाल. एसेप्राइट या पिक्सेल-चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये इंडेक्स्ड मोड (फक्त ठरवलेलेच रंग वापरू देणारा) लाव, म्हणजे चुकूनही बाहेरचा रंग शिरणार नाही. डिदरिंग जपून वापर. जुन्या काचेच्या पडद्यावर ते ठिपके थोडे मिसळून जात, आजच्या पडद्यावर ते चौकोन बनून डोळ्यांत भरतात. दोन छटांच्या सीमेवर थोडंसं, बस.

सावलीसाठी तू त्याच रंगात काळा मिसळला आहेस. त्याऐवजी रंगच सरकव. बल्बजवळ फिकट पिवळा, मग गेरू, मग मातकट जांभळा, शेवटी निळा. तोच शेवटचा निळा रस्त्याच्या आणि आकाशाच्या अंधारातही वापर, मग घर आणि गल्ली एकाच रात्रीत आहेत असं वाटेल. दोन दिव्यांपैकी मुख्य कोणता तेही ठरव. माझ्या मते दाराचा बल्ब, कारण खेळणाऱ्याला दाराकडेच न्यायचं आहे. कोपऱ्यावरचा दिवा मंद कर. गोष्ट जुन्या काळातली असेल तर तो सोडियमचा नारिंगी असेल, आणि त्याच्याखाली निळा शर्टही मळकट दिसेल, हे विसरू नकोस.

नायक हरवतो तो रस्त्यामुळे. ओला डांबरी रस्ता कोरड्यापेक्षा काळा असतो. त्याला जवळपास एकच गडद छटा दे, खडी पूर्ण काढून टाक. दिव्याचं प्रतिबिंब ओल्या रस्त्यावर गोल पडत नाही, आपल्याकडे उभं लांबत येतं. ते आडव्या तुटक रेघांनी काढ, मधे फटी सोड आणि दिव्यापेक्षा एक छटा गडद ठेव. मग नायक काळ्या रस्त्यावर चालला की आपोआप सुटून दिसेल. बल्बच्या उजेडात आला की त्याचे रंगही बदला, त्यासाठी दिव्यापासूनच्या अंतराचे तीन पट्टे पुरतात.

प्रश्न : याच गेममध्ये पुढे तलावाचं दृश्य आहे. पाणी हलतं दाखवायला किती फ्रेम्स काढू?

उत्तर : एकही नको. पाण्यातल्या चमकेसाठी पॅलेटमधले, म्हणजे चित्राच्या ठरलेल्या रंगांतले, ६ रंग राखून ठेव, पिक्सेल जागच्या जागी राहू देत आणि ते सहा रंग क्रमाने एकमेकांच्या जागी सरकव. जुन्या गेममध्ये पाणी, आग, पाऊस असेच हलायचे. आजच्या गेम इंजिनात छोट्या शेडरने (पिक्सेलचे रंग बदलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) जमतं. वेग कमी ठेव, तलावाला समुद्रासारख्या लाटा नसतात.

नवीन चित्र पाठवशील तेव्हा रंगीत आणि राखाडी, दोन्ही पाठव. राखाडी मी आधी पाहीन.