घाटासाठी मोटरसायकलचं पुढचं स्पॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक दात कमीचं घ्यावं का? आणि नुसती चेन बदलली तर चालेल का?

तुमची गाडी १५० सीसी, चेन ४२८ मापाची, पुढे १५ आणि मागे ४४ दात. रोज सातपूरला कामावर जाणं, अधूनमधून डबलसीट सप्तशृंगी गड. गॅरेजवाला म्हणतोय, नुसती चेन टाका.

नुसती चेन टाकू नका. चेन ‘ताणली’ म्हणतात, पण कड्यांच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. आतल्या पिना आणि बुश झिजून प्रत्येक कडीत केसभर ढिलाई येते. त्या लांबलेल्या चेनने दातही घासून आपल्या मापाचे करून घेतलेले असतात. त्यांवर नवी चेन नीट बसत नाही, एकदोन दातांवरच सगळा भार येतो आणि चेन लवकर जाते.

खात्री करायची तर चेन ताणून धरा आणि एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या २० कड्या मोजा. नवी ४२८ बरोबर २५४ मिमी भरते. २५७ भरली तर पैसे बाजूला काढा, २५९ म्हणजे उशीरच झालाय. मागच्या स्पॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढूनही बघा. अर्धा दात उघडा पडला तर पूर्ण सेटच घ्या, म्हणजे चेन आणि दोन्ही स्पॉकेट.

आता १४ दातांचं. ४४ भागिले १५ म्हणजे २.९३, भागिले १४ म्हणजे ३.१४. ओढ साधारण ७ टक्के वाढते, पण ज्या आरपीएमला ६० चा वेग मिळायचा तिथे ५६ मिळतो. मुंबई-आग्रा रस्त्यावर इंजिन सतत जास्त फिरणार. शिवाय लहान स्पॉकेटवर चेन जास्त वाकते, म्हणजे झिजतेही लवकर. पायथ्याच्या नांदुरीहून गड चढताना एक गिअर खाली टाकलात तर यापेक्षा कितीतरी जास्त ओढ मिळते, तीही फुकट. माझ्या मते १५-४४च ठेवा. तरीही बदलायचंच असेल तर स्पीडोमीटर कुठून चालतो ते आधी बघा: पुढच्या चाकावरून असेल तर फरक नाही, गिअरबॉक्सवरून असेल तर जास्त वेग दाखवेल.

दुकानात गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगा. दात जुन्या स्पॉकेटवर कोरलेले असतात, पण चेनच्या कड्या मात्र स्वतः मोजा.

बसवताना पुढच्या स्पॉकेटचे बोल्ट किंवा नट जुनी चेन चढलेली असतानाच, मागचा ब्रेक दाबून ढिले करा. चेन काढल्यावर स्पॉकेट नुसतं गरागरा फिरतं. चाक बाहेर आलंच आहे तर मागचं स्पॉकेट हाताने हलवून बघा. खडखडलं तर हबमधले रबर बदला. ते स्वस्त असतात, आणि ते गेले की गिअर टाकताना झटके बसतात. चेन जोडणाऱ्या लॉकची क्लिप लावताना तिची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते तिकडे हवी. उलटी लागली तर कशाला तरी अडकून उडते.

ढील मोजताना चाक फिरवत राहा आणि चेन जिथे सर्वांत घट्ट असेल तिथेच मोजा. साधारण २० ते ३० मिमी, पण गाडीच्या पुस्तकातला आकडा शेवटचा. घट्ट ठेवलीत तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते. त्र्यंबक रस्त्याच्या पावसात फिरलात की चिखल रॉकेलने धुऊन, चेन पुसून, ९० नंबरचं गिअर ऑइल लावा. ओ-रिंगची (कड्यांत रबरी रिंग असलेली) चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश लांबच ठेवा. नव्या चेनची ढील पहिल्या ५०० किमीनंतर एकदा पुन्हा तपासा, कारण ती सुरुवातीला थोडी सैल पडतेच.