भरती बघून निघा, उंबर बघून थांबा

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे : अमुक पक्षी कुठे दिसेल? ठिकाणं सांगतोच. पण रिकाम्या हातानं परतलेली माणसं बहुधा ठिकाण चुकलेली नसतात, वेळ चुकलेली असतात.

प्रश्न : जानेवारीत एका सकाळी शिवडीला रोहित (फ्लेमिंगो) बघायला गेलो. दोन तास उभं राहून लांबवर गुलाबी रेघ तेवढी दिसली. महिना चुकला का? (मुंबई)

महिना बरोबर होता, जागाही बरोबर होती. भरती बघायची राहिली. ओहोटीला खाडीचा चिखल दूरपर्यंत उघडा पडतो आणि रोहित पाण्याच्या कडेनं चरत आत निघून जातात. भरती चढू लागली की तीच कड किनाऱ्याकडे सरकते आणि थवे चरत चरत तुमच्यासमोर येतात. पूर्ण भरतीला चिखल बुडाला की ते उडून दुसऱ्या पाणथळींवर जाऊन बसतात. म्हणून पूर्ण भरतीच्या तीनेक तास आधी पोहोचा.

कोकणातला जुना हिशेब इथं कामी येतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. तुम्ही तीनला हजर. हा अंदाज झाला, नेमकी वेळ तक्त्यात बघून घ्या. शिवडीचा किनारा पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि दुपारनंतर ते पाठीशी असतं. सप्तमी-अष्टमीची दुपार मला म्हणूनच सगळ्यात आवडते. बुटका, गडद गुलाबी, काळपट-लाल चोचीचा तो छोटा रोहित. उंच, फिकट आणि गुलाबी चोचीला काळं टोक असलेला तो मोठा रोहित.

भिगवणला, उजनीच्या फुगवट्यात, भरती-ओहोटीचा प्रश्नच नाही. तिथं धरणाचं पाणी किती उतरलंय ते विचारून जा. फेब्रुवारी-मार्चमध्ये उथळ चिखल उघडा पडला की पहाटेची होडी धरायची, आणि नावाड्याला आधीच सांगायचं की थव्यात होडी घालू नकोस.

प्रश्न : "पेरते व्हा" ऐकू आलं की वडील म्हणतात, चातक आला. मला झाडावर शिक्र्यासारखा राखी पक्षी दिसला. नक्की कोण? (बीड)

तुम्ही पाहिला तो पावशा. "पेरते व्हा" ही त्याचीच हाक. तो वर्षभर आपल्याकडेच असतो, थंडीत गप्प असतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. चातक वेगळा : वरून काळा, खालून पांढरा, डोक्यावर शेंडी आणि उडताना पंखावर ठळक पांढरा ठिपका. तो आफ्रिकेकडून येतो, मे अखेर ते जूनमध्ये, पावसाच्या थोडा पुढे-मागे. दोघेही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात. तेव्हा बांधावरच्या बाभळी-बोरींत सातभाईंचा कलकलाट असेल, तर जूनभर त्याच बांधावर नजर ठेवा. वडिलांना चूक म्हणू नका. दोघे एकाच ढगाखाली बोलतात, म्हणून ही गल्लत घरोघरी आहे.

प्रश्न : तिबोटी खंड्याचा फोटो हवा आहे. कर्नाळ्यात घरटं कुठे असतं ते सांगाल का? (पनवेल)

घरट्याची जागा सांगणार नाही. पक्षी कसा बघायचा ते मनापासून सांगतो. जून ते सप्टेंबर हा त्याचा कोकणातला विणीचा हंगाम. रायगड-रत्नागिरीच्या दाट झाडीतले, पावसात जागे होणारे ओढे ही त्याची जागा. जेमतेम 13 सेंटीमीटरचा पक्षी, जमिनीलगतच्या फांदीवर बसतो. आधी दिसत नाही, ऐकू येतो : बारीक, तीक्ष्ण शीळ आणि मागोमाग निळी-केशरी रेघ. ओढ्यापासून पंधरा-वीस पावलं मागे, झाडाला टेकून तासभर बसा. त्याच फांद्यांवर तो पुन्हा पुन्हा येतो.

घरटं म्हणजे मातीच्या दरडीतलं बीळ. नर-मादी दिवसभर सापसुरळ्या, खेकडे, बेडकं आणून पिल्लांना भरवतात. बिळासमोर चार माणसं तिपाई लावून बसली की चोचीत भक्ष्य धरून तो समोरच्या फांदीवर ताटकळतो आणि आत पिल्लं उपाशी राहतात. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे आणि अजून विसरलेलो नाही. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावणंही नको. विणीच्या दिवसांत त्याला तो प्रतिस्पर्धी वाटतो आणि घास सोडून तो भांडायला येतो.

त्याच ओढ्यांवर पहाटे मलबारी शीळकरी कस्तुर गातो. फोटो नाहीच मिळाला तरी तेवढ्यासाठी जाऊन या.

प्रश्न : आमच्या सुप्याच्या माळावर काहीच पक्षी नाहीत. कुठलं अभयारण्य गाठू? (बारामती)

कुठलंही नाही. माळावरच थांबा, फक्त दहा वाजता जाऊ नका. माळाचे पक्षी मातीच्या रंगाचे. उभे राहिले की ढेकूळ आणि पळाले की पक्षी. उजाडताना नांगरट आणि खुरट्या गवतात धाविक दिसेल : चार पावलं धावतो, थबकतो, वाकतो, पुन्हा धावतो. पखुर्ड्या सकाळी पाण्यावर येतात, तेव्हा पाझर तलावाच्या काठी आडोशाला बसा. पखुर्डीचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून ते पाणी पिल्लांना नेऊन पाजतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिवस मावळताना भोवत्ये हे शिकारी पक्षी गवतावरून खाली खाली तरंगत येतात आणि तिथंच जमिनीवर रात्र काढतात.

एक कळकळीची विनंती. माळाला पडीक समजून तिथं झाडं लावायला जाऊ नका. या सगळ्यांना उघडं गवतच लागतं. झाडं आली की हे जातात. माळढोक आपण ज्या ज्या कारणांनी गमावत आलो, त्यांतलं गवताळ रान जाणं हे मोठं कारण आहे.

प्रश्न : रानपिंगळा रात्री शोधायचा का? (अमरावती)

दिवसा. तो दिवसाच शिकार करतो. मेळघाटातलं सागाचं विरळ रान, हिवाळ्यातली सकाळ, पर्णहीन शेंडे. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात, याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात आणि छातीवर गडद तपकिरी पट्टा असतो. शंभराहून जास्त वर्षं कुणाला न दिसलेला हा पक्षी 1997 मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तोही दिवसाउजेडी बसलेला.

प्रश्न : मुलीला राज्यपक्षी हरियाल दाखवायचा आहे. गाडी नाही, जंगल लांब आहे. (नाशिक)

जंगल नको, फळलेलं झाड शोधा. वड, पिंपळ, उंबर, जे पिकलं असेल ते. प्रत्येक झाडाची वेळ वेगळी, म्हणून शाळेच्या रस्त्यावरचं एखादं झाड मुलीनं आठवड्यातून एकदा बघायचं. फळं रंगू लागली की सकाळी सात-आठच्या सुमारास खाली उभं राहा. हिरव्या-पिवळ्या अंगाचा हरियाल पानांत विरघळतो, तेव्हा वर बघण्याआधी कान द्या : पिकलेली फळं टपटप खाली पडत असतात. ती जिथून पडतायत त्या फांदीवर नजर लावायची आणि पिवळे पाय शोधायला मुलीला सांगायचं.