स्वतंत्रपणे काढलेलं माझं गाणं एका निर्मात्याला सिनेमात हवंय. करारात काय पाहावं?

पहिलं म्हणजे 'सर्व हक्क कायमचे' ही ओळ खोडायला लावा. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: चाल-शब्दांचा आणि ध्वनिमुद्रणाचा. विकू नका, फक्त त्या सिनेमापुरता वापर-परवाना द्या. मुदत आकड्यानिशी आणि प्रदेश नावानिशी लिहा. करारात नसेल तर कॉपीराइट कायदा मुदत 5 वर्षं आणि प्रदेश भारत धरतो. या कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा निम्मा वाटा सही करूनही सोडता येत नाही. पण तो आपोआप दारात येत नाही. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घेऊन प्रत्येक गाणं नोंदवावं लागतं.

हमखास घोळ होतो तो यूट्यूबवर. तुमचं गाणं ऑनलाइन पोचवणाऱ्या वितरकाकडे कंटेंट आयडी (गाणं आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) चालू असेल तर निर्मात्याच्याच ट्रेलरवर तुमचा दावा पडतो, आणि रात्री अकराला फोन येतो. निर्मात्याचं चॅनल वितरकाकडून आधीच सूट-यादीत घालून घ्या.

फाइल देताना नुसता एमपी3 नको. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट वेव्ह (WAV) फाइल द्या. गायन, ताल, बाकी वाद्यं वेगवेगळी, सगळ्यांची सुरुवात एकाच बिंदूपासून. नाहीतर संवादाखाली गाणं दाबताना मिक्सिंगवाला आवाजासकट सगळंच दाबतो.